रोबो सेल मधूनच थांबतो, रिसेट केला की चालतो: भाग बदलण्याआधी काय तपासावं?

लोडिंग_स्टेशन

मंडळी, मिग वेल्डिंगच्या एका सेलबद्दल मत हवं आहे. सहा अक्षांचा फानुक रोबो, हेडस्टॉक-टेलस्टॉक पोझिशनर (दोन टोकांना धरून जॉब फिरवणारं यंत्र), त्यावर फिक्स्चर (जॉब पकडून ठेवणारा साचा). फिक्स्चरला हवेचे सहा क्लॅम्प आणि प्रत्येक क्लॅम्प बंद झाला हे सांगायला एकेक एम१२ प्रॉक्सी, म्हणजे न टेकता धातू ओळखणारा सेन्सर (तीन तारा, पीएनपी, नॉर्मली ओपन). सहाही प्रॉक्सी फिक्स्चरवरच्या आठ पोर्टच्या साध्या जंक्शन बॉक्सला लागतात. तिथून एकच मल्टिकोअर केबल पोझिशनरच्या पोकळ शाफ्टमधून पॅनलला, एस७-१२०० पीएलसीकडे (सेल चालवणाऱ्या कंट्रोलरकडे) जाते.

त्रास असा: वेल्डिंग चालू असताना 'क्लॅम्प ३ उघडा' किंवा 'क्लॅम्प ५ उघडा' असा अलार्म येतो आणि रोबो थांबतो. जाऊन बघावं तर क्लॅम्प घट्ट, प्रॉक्सीचा दिवा लागलेला. रिसेट दाबला की पुढे चालू. पण थांबल्या जागी वेल्ड तुटतो, ती जागा ग्राइंड करून हाताने भरावी लागते. ३ आणि ५ चे प्रॉक्सी बदलून झाले, काही फरक नाही. आता सहाही बदला किंवा प्रोग्रॅममध्ये टायमर टाका, असा आग्रह चाललाय. माझं म्हणणं, आधी नक्की काय होतंय ते पकडू. तुम्ही कुठून सुरुवात कराल?

भोसरी_१८

टायमर टाका. सिग्नलला १०० मिलिसेकंदांचा ऑफ-डिले द्या, म्हणजे सिग्नल तेवढा वेळ गेला तरच तो गेला असं धरायचं. मिनिटाला ६० सेंटिमीटर वेग धरला तर रोबो सेकंदाला १० मिलिमीटर जातो, म्हणजे १०० मिलिसेकंदांत १ मिलिमीटर. क्लॅम्प खरोखर उघडला तरी तेवढ्यात काही बिघडत नाही. लाइन उभी राहण्यापेक्षा हे परवडलं.

पॅनलवाली

भोसरी, हिशोब चोख आहे. पण सिग्नल ५० मिलिसेकंद जातोय की ४०० हे अजून कुणालाच माहीत नाही. आज १०० टाकाल, महिन्याभराने तेवढ्यात भागणार नाही, मग कुणीतरी ५०० करेल. तुटत चाललेली तार टायमरने जोडली जात नाही.

लोडिंग_स्टेशन, तुमचा विचार बरोबर आहे. पहिलं काम पीएलसीत ट्रॅप लावायचं, म्हणजे सिग्नल गेला त्या क्षणाची आपोआप नोंद घेणारा प्रोग्रॅम. पद्धत अशी:

सहाही क्लॅम्पचे इनपुट एकाच बाइटमध्ये असतील तर उत्तम, नसतील तर आधी एका बाइटमध्ये गोळा करा. दर स्कॅनला (पीएलसीच्या प्रोग्रॅमच्या प्रत्येक फेरीला) तो बाइट मागच्या स्कॅनच्या बाइटशी ताडून बघा. वेल्डिंगची स्टेप चालू असताना कोणताही बिट १ चा ० झाला की लगेच चार गोष्टी डेटा ब्लॉकमध्ये लिहा: पीएलसीच्या घड्याळाची वेळ, स्टेप नंबर, तेव्हाचा अख्खा बाइट, आणि २० मिलिसेकंदांनंतरचा अख्खा बाइट. दुसरी नोंद विसरू नका. दोन इनपुट खरं तर एकाच क्षणी गेले असले तरी स्कॅनच्या कडेवर एक आधी आणि एक नंतर दिसू शकतो. शेवटच्या दहा नोंदी राहतील असा फिरता बफर करा, नाहीतर पहिली नोंद दुसरीखाली पुसली जाते. सिग्नल किती वेळ गेला होता तेही एका टायमरने मोजून ठेवा.

आणखी एक. एस७-१२०० च्या डिजिटल इनपुटला मुळात ६.४ मिलिसेकंदांचा फिल्टर असतो. तो कुणी बदलला नसेल, तर पीएलसीला दिसलेला झटका त्याहून मोठाच आहे. एखाद्या मायक्रोसेकंदाचा नॉइज म्हणून तो सोडून देता येणार नाही.

लोडिंग_स्टेशन

ताई, हे करता येईल. एक सांगायचं राहिलं: ज्या स्टेपला ज्या क्लॅम्पची अट घातलीय, त्याच क्लॅम्पचं नाव स्क्रीनवर येतं. बाकीचे क्लॅम्प त्या वेळी प्रोग्रॅम तपासतच नाही.

पॅनलवाली

मग तर ट्रॅप हवाच. स्क्रीन म्हणते क्लॅम्प ३, पण त्या क्षणी १, २, ४, ५, ६ चं काय झालं हे तुम्हाला दिसतच नाही. एकटा ३ गेला तर प्रॉक्सी, त्याची केबल, त्याचा सिलिंडर. सहाही एकदम गेले तर सहाहींमध्ये समाईक असलेली गोष्ट: बॉक्सचा २४ व्होल्ट, ० व्होल्ट, किंवा हवेचा दाब. ही एक नोंद मिळाली की निम्म्याहून जास्त शक्यता तिथेच संपतात.

वाळूज_टेक

प्रॉक्सीचं गणित एकदा नीट मांडतो, कारण 'बदलून बघू' म्हणताना हेच राहून जातं.

एम१२ फ्लश प्रॉक्सीचं साधारण रेटेड अंतर २ मिलिमीटर, लांब पल्ल्याच्या मॉडेलचं ४. तापमान आणि व्होल्टेज बदललं तरी ज्यावर विसंबता येतं ते अंतर रेटेडच्या ०.८१ पट, म्हणजे २ च्या प्रॉक्सीला १.६ मिलिमीटर. हा आकडाही साध्या पोलादाच्या टार्गेटसाठी आहे. टार्गेट स्टेनलेसचं असेल तर साधारण ०.७ ने गुणा, ॲल्युमिनियमचं असेल तर ०.४ ने. क्लॅम्पच्या हाताला ॲल्युमिनियमचा फ्लॅग (प्रॉक्सीसमोर येणारी पट्टी) असेल तर २ चा प्रॉक्सी ०.८ मिलिमीटरवर आला, आणि विश्वासाचं अंतर त्याहूनही कमी. फिलर गेज घालून बघा. साध्या पोलादाला १ मिलिमीटर गॅप ठेवावी. १.५ वर लावलेला प्रॉक्सी टेबलावर चालतो, वेल्डिंगच्या कंपात नाही.

दुसरं, स्पॅटर. प्रॉक्सीच्या तोंडावर लोखंडी स्पॅटर चिकटला तर सिग्नल जात नाही, उलट क्लॅम्प उघडल्यावरही अडकून राहतो. तुमची तक्रार सिग्नल जाण्याची आहे, म्हणून स्पॅटरवर संशय कमी. अर्थात केबलवर गरम थेंब पडून आवरण जळलं असेल तर गोष्ट वेगळी. प्रॉक्सीमागची पहिली १०-१५ सेंटिमीटर केबल हातात घेऊन फिरवून बघा.

हवावाले_नाना

सिग्नल खोटा आहे असं सगळ्यांनी गृहीत धरलंय. तो खराही असू शकतो.

५० बोअरचा सिलिंडर ५ बारला साधारण ९८० न्यूटन देतो, म्हणजे १०० किलोचा जोर. ४ बारला तो ७८५ वर येतो. दुसऱ्या स्टेशनचे सगळे क्लॅम्प एकदम चालले, किंवा शेजारच्या सेलने ब्लो-ऑफ सोडला, की पातळ नळीच्या टोकाला दाब खाली बसतो. वेल्डिंगच्या उष्णतेने पत्रा उचलतो, क्लॅम्पचा हात केसभर मागे जातो, आणि वाळूजदादा म्हणतात तसा प्रॉक्सी काठावर लावलेला असेल तर सिग्नल गेला. दाब परत आला की सगळं जागेवर. बघायला जाणाऱ्याला काहीच दिसत नाही.

एफआरएलवरचा (हवेच्या फिल्टर-रेग्युलेटरवरचा) गेज बघून उपयोग नाही, तो व्हॉल्व्हच्या आधी आहे. शेवटच्या क्लॅम्पच्या पोर्टला टी लावून तिथे गेज बसवा, शक्यतो खालचा आकडा धरून ठेवणारा डिजिटल प्रेशर स्विच. सिलिंडरची पिस्टन सील गेली का हे असं बघा: क्लॅम्प बंद, हवा चालू, एग्झॉस्टच्या बाजूची नळी काढा. हवा सतत येत राहिली तर सील गेली. नळी काढण्याआधी त्या बाजूला दाब नाही याची खात्री करा आणि हात क्लॅम्पच्या वाटेत ठेवू नका.

क्लॅम्प सुटणं परवडतच नसेल, तर सिलिंडरच्या पोर्टवरच पायलट ऑपरेटेड चेक व्हॉल्व्ह बसवा, म्हणजे लाइनचा दाब पडला तरी सिलिंडरमधली हवा अडकून राहते. मग मात्र एक नवा धोका येतो: मेन हवा बंद करून डम्प केली तरी त्या सिलिंडरमध्ये जोर शिल्लक असतो. हातानं सोडायचा बटण-व्हॉल्व्ह आणि फिक्स्चरवर ठळक सूचना, दोन्ही लावा.

गोकुळ_शिरगाव

नाना, तुमचा हवेचा मुद्दा दर धाग्यात येतो आणि दर वेळी तपासण्यासारखाच असतो.

माझा संशय वेल्डिंगच्या रिटर्नवर, म्हणजे करंट जॉबमधून पॉवर सोर्सकडे परत जाण्याच्या वाटेवर. 'वेल्डिंग चालू असतानाच' हे शब्द महत्त्वाचे. वर्क केबल फिक्स्चरला नीट लागलेली नसेल, किंवा पोझिशनरच्या फिरत्या भागातला करंट नेणारा ब्रश झिजला असेल, तर करंट वाट शोधतो. बेअरिंगमधून, पीई (अर्थिंगच्या) तारेतून, प्रॉक्सीच्या धातूच्या बॉडीतून, केबलच्या शील्डमधून. बेअरिंगच्या धावेवर खड्डे पडतात, शील्ड जळते आणि सिग्नल वाटेल तसे वागतात.

मोजायची रीत: २०० अँपिअरवर वेल्डिंग चालू असताना पॉवर सोर्सच्या निगेटिव्ह टर्मिनलपासून फिक्स्चरच्या प्लेटपर्यंत डीसी व्होल्ट मोजा. ७० स्क्वेअर एमएम तांब्याची १० मीटर केबल म्हणजे साधारण अडीच मिलिओहम, तिथे अर्धा व्होल्ट दिसायला हवा. दोन-तीन व्होल्ट दिसले तर जोडणीत खोट आहे. मीटरच्या तारा वेल्डिंगच्या आधी क्लिपने लावून बाहेर आणा. चालू रोबोजवळ प्रोब धरून कुणी उभं राहू नये. मग लग काढा, दोन्ही तोंडं घासून स्वच्छ करा, रंग असेल तर खरवडा, स्प्रिंग वॉशर घालून आवळा. २०० अँपिअरला एका मिलिओहमच्या खराब जोडावर ४० वॉट उष्णता होते. तो लग शेजारच्या लगपेक्षा गरम लागतो, थर्मल कॅमेऱ्यात लगेच उठून दिसतो.

भोसरी_१८

कॅमेऱ्यावरून आठवलं, थेट आत उभं राहून क्लॅम्पकडे बघणं सगळ्यात सोपं. दाराच्या स्विचला लूप मारायचा (तार जोडून तो बायपास करायचा), एकजण पेंडंट (रोबो चालवायचा हातातला पॅनल) घेऊन बाहेर, एकजण आत.

कुंपण_बंद

नाही. हा सल्ला या धाग्यात राहू नये, कारण नवीन पोरं वाचतात.

ऑटोमध्ये रोबो पूर्ण वेगाने फिरतो आणि पुढची हालचाल कुठे होईल हे आत उभ्या माणसाला कळत नाही. आत जायचं तर टी१ मोड (हाताने, हळू चालवायचा मोड), जिथे टूलचा वेग सेकंदाला २५० मिलिमीटरच्या आत राहतो, आणि तीन अवस्थांचा इनेबलिंग स्विच आत गेलेल्या माणसाच्याच हातात. सोडला तरी थांबतो, घाबरून घट्ट दाबला तरी थांबतो. पेंडंट बाहेरच्याच्या हातात आणि माणूस आत, ही रचनाच चुकीची. आणि असं आत उभं राहून हा फॉल्ट दिसेलच असंही नाही, म्हणजे धोका पत्करून हाती काही लागण्याची खात्री नाही.

दाराच्या स्विचला दोन चॅनल असतात ते एक अडकलं तरी दुसऱ्याने थांबावं म्हणून. दार उघडून लावलं तरी सेफ्टी रिले रिसेट होत नसेल, तर एक कॉन्टॅक्ट दुसऱ्याबरोबर उघडत नाहीये, आणि रिले आपलं काम करतोय. तिथे लूप मारणं म्हणजे जो बिघाड त्याने पकडला तोच झाकणं.

लाइट कर्टनबद्दलही (माणूस आत आला की यंत्र थांबवणारा किरणांचा पडदा) याच ओघात सांगतो. अंतर अंदाजे ठरवू नका. आयएसओ १३८५५ प्रमाणे माणसाचा वेग सेकंदाला १६०० मिलिमीटर धरतात (अंतर ५०० च्या आत येत असेल तर २०००). कर्टन, रिले, रोबो मिळून थांबायला ०.५ सेकंद लागत असतील तर ८०० मिलिमीटर. त्यात कर्टनच्या रिझोल्यूशनची भर: ३० मिलिमीटरचा असेल तर ८ गुणिले १६, म्हणजे १२८. एकूण ९२८. टूल जड झालं की थांबायचा वेळ वाढतो, तेव्हा हा हिशोब परत करावा लागतो.

भोसरी_१८

मान्य. लूपचं मागे घेतो. टायमरचं मात्र अजून घेत नाही.

स्टुटगार्टकर

बाहेर राहूनच बघायचा उपाय: फोनच्या स्लो मोशनने जंक्शन बॉक्सचे दिवे टिपा. २४० फ्रेमला एक फ्रेम साधारण ४ मिलिसेकंदांची. आर्कच्या उजेडाने चित्र पांढरं होतं, म्हणून फोनपुढे वेल्डिंगची गडद काच धरा किंवा बॉक्सला आडोसा करा. बॉक्सचा पॉवरचा हिरवा दिवाही विझला तर सप्लाय. हिरवा चालू आणि एकच पिवळा विझला तर प्रॉक्सी किंवा क्लॅम्प. ट्रॅप आणि व्हिडिओ दोन्ही असतील तर वाद उरत नाही.

पॅनलमधल्या २४ व्होल्टकडेही बघा. १० अँपिअरचा एसएमपीएस (२४ व्होल्ट देणारा पॉवर सप्लाय) आणि पुढे सी६ एमसीबी (आपोआप पडणारा ब्रेकर), ही जोडी बऱ्याच पॅनलमध्ये असते. सी कर्व्हच्या ६ अँपिअर एमसीबीला लगेच पडायला ३० ते ६० अँपिअर लागतात, डीसीवर त्याहून जास्त. एसएमपीएस तेवढा करंट देऊच शकत नाही. एखाद्या सोलेनॉइडची केबल क्षणभर शॉर्ट झाली की एमसीबी पडत नाही, एसएमपीएसच खाली बसतो आणि सेलभर सगळे इनपुट जातात. चॅनलवार इलेक्ट्रॉनिक ब्रेकर लावला तर दोषी चॅनल एकटं बंद होतं आणि लाल दिव्याने सापडतं.

साध्या मल्टिमीटरच्या मिन-मॅक्सवर विसंबू नका. बहुतेक मीटरना त्यात १०० मिलिसेकंदांहून लहान डुबकी दिसत नाही. पीक मोड असलेला मीटर किंवा स्कोप लागतो.

मेकॅट्रॉनिक्स_पोर

थोडं अवांतर, माफ करा. आयटीआयनंतर अप्रेंटिस आहे. रोबोवर एसआरव्हीओ-०६५ बीएलएएल असा अलार्म येतोय, रोबो चालतो. काय करावं?

वाळूज_टेक

अवांतर असलं तरी तातडीचं आहे. हा एन्कोडरच्या (प्रत्येक अक्षाची जागा मोजणाऱ्या भागाच्या) बॅटरीचा इशारा. आत्ता बॅटरी बदललीत तर अर्ध्या तासाचं काम. थांबलात तर पुढचा अलार्म एसआरव्हीओ-०६२ बीझेडएएल, आणि तेव्हा रोबो आपली जागा विसरलेला असतो.

कंट्रोलर चालू ठेवा. बंद करून बॅटरी काढली तर जागेची माहिती जाते, सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. इमर्जन्सी स्टॉप दाबा. बेसमागचं बॅटरीचं झाकण उघडा. बहुतेक मॉडेलना डी साइझच्या चार अल्कलाइन बॅटऱ्या असतात. चारही नव्या, एकाच बनावटीच्या. रिचार्जेबल नकोत, त्या १.२ व्होल्टच्या असतात. दिशा बघून बसवा, झाकण लावा, रिसेट. झाकणावर तारीख लिहा आणि दर वर्षी बदला. कंट्रोलरच्या मेन बोर्डवर ३ व्होल्टची लिथियम बॅटरी वेगळी असते, ती प्रोग्रॅमच्या मेमरीसाठी. दोन्हींची गल्लत करू नका.

०६२ आलाच तर: नव्या बॅटऱ्या टाकून सिस्टिम मेनूत मास्टर/कॅल उघडा. ते पान दिसत नसेल तर सिस्टिम व्हेरिएबलमध्ये मास्टर_ईएनबी १ करा. आरईएस_पीसीए करून कंट्रोलर बंद-चालू करा. मग बहुधा एसआरव्हीओ-०७५ दिसेल. जॉइंट मोडमध्ये तो अक्ष थोडा फिरवा, रिसेट केल्यावर अलार्म परत येईनासा होईपर्यंत. त्यानंतर मास्टरिंग, म्हणजे रोबोला त्याची मूळ जागा परत शिकवणं. क्विक मास्टर रेफरन्स आधी नोंदवलेला असेल तर रोबो त्या जागी नेऊन क्विक मास्टर, मग कॅलिब्रेट. नसेल तर सहाही अक्ष विटनेस मार्कवर (सांध्यांवरच्या शून्याच्या खुणांवर) आणून झिरो पोझिशन मास्टरिंग. ते डोळ्याने जुळवलेलं असतं, म्हणून नंतर वेल्डिंगचे सगळे पॉइंट टी१ मध्ये तपासायचे. रोबो धडधाकट असतानाच रेफरन्स नोंदवून ठेवा, आणि त्या जागेचे अंश कागदावर लिहून पॅनलच्या दारात चिकटवा.

मेकॅट्रॉनिक्स_पोर

धन्यवाद दादा. विटनेस मार्क रंगाखाली गेलेत, आधी ते साफ करतो. बॅकअप कोणता घ्यावा?

वाळूज_टेक

दोन्ही. 'ऑल ऑफ अबव्ह'मधून एकेक फाइल परत टाकता येते. इमेज बॅकअप म्हणजे अख्ख्या मेमरीचं चित्र, बोर्ड गेला तर तोच लागतो. दोन वेगळ्या कार्डांवर ठेवा आणि एक कार्ड पॅनलमध्ये ठेवू नका.

पॅनलवाली

पीएलसीचंही त्याबरोबर. जुन्या एस७-३०० मधून नुसता अपलोड घेतला तर सिम्बॉल आणि कॉमेंट येत नाहीत. रात्री तीन वाजता नुसते एम बिट (मेमरीचे बिननावाचे पत्ते) वाचत बसावं लागतं. मूळ प्रोजेक्ट फाइल लाइन ताब्यात घेतानाच मागून घ्या.

वेर्णेकर

वेर्ण्याला पावसाळ्यात आणखी एक कारण दिसतं, कोकणपट्टीत सगळीकडेच लागू पडावं. पॅनल एसी २२ अंशांवर ठेवतात. बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २६ च्या आसपास येतो. दार उघडलं की थंड टर्मिनलवर आणि कार्डांवर पाणी धरतं. सेटिंग ३५ ला न्या, दाराची गॅस्केट बघा, न वापरलेल्या ग्लँडना (केबल आत घेण्याच्या भोकांना) प्लग मारा. एम१२ च्या न वापरलेल्या पोर्टना टोपणं लावा. तुमच्या आठ पोर्टच्या बॉक्सला प्रॉक्सी सहाच आहेत, उरलेले दोन उघडे तर नाहीत?

लोडिंग_स्टेशन

वेर्णेकर, एक उघडा होता, आत काळपट धूळ. टोपण लावलं.

ट्रॅपचा निकाल आला. बफरमधल्या सगळ्या नोंदींत सहाही क्लॅम्प शून्य. काहींत पहिल्या बाइटमध्ये एखादा बिट शिल्लक, २० मिलिसेकंदांनंतरच्या बाइटमध्ये सगळे गेलेले. जाण्याची वेळ ४० ते ३०० मिलिसेकंद. क्लॅम्पच्या पोर्टवरचा दाब ५ बारच्या खाली गेला नाही. वर्क केबलवर २०० अँपिअरला ०.६ व्होल्ट. व्हिडिओत बॉक्सचा हिरवा दिवा विझताना स्पष्ट दिसतो. पॅनलमधला २४ व्होल्ट स्कोपवर सपाट. स्टेप वेगवेगळ्या, पण थांबल्यावर पोझिशनरचा कोन दर वेळी १४० ते १५५ अंशांत.

पॅनलवाली

मग केबलच. पॅनलला २४ आहे, बॉक्सला नाही, आणि कोनाशी संबंध आहे. शाफ्टच्या तोंडाशी जिथे केबल वाकते तिथे आतली तार आवरणाखाली तुटलेली असणार. ३०० मिलिसेकंदांची नोंद बघा, भोसरी. १०० चा टायमर तिथे पुरला नसता.

खात्री करायला बझर वापरू नका. एकाच तंतूवरही तो वाजतो. सहा प्रॉक्सी आणि त्यांचे इनपुट मिळून भार १०० मिलिअँपिअरच्या आसपास, त्यामुळे दोन-चार तंतू टेकलेले असले तरी सगळं ठीक दिसतं. दोन्ही टोकं सोडवा. बॉक्सच्या टोकाला सप्लायच्या दोन तारा एकमेकींना जोडा, पॅनलच्या टोकाकडून १ अँपिअर सोडा आणि व्होल्टेज बघत टी१ मध्ये पोझिशनर हळू फिरवा. ०.७५ स्क्वेअर एमएमची १५ मीटर केबल असेल तर जाऊन-येऊन साधारण ०.७ व्होल्ट पडायला हवा आणि तो हलता कामा नये.

लोडिंग_स्टेशन

केलं. १३० अंशांपर्यंत ०.७ स्थिर. पुढे १.१, २ असा नाचत गेला आणि १५० जवळ सर्किटच तुटलं. शाफ्टच्या तोंडाशी केबल कापून सोलली: सप्लायच्या निळ्या तारेचं आवरण अखंड, आत तांबं तुटून टोकं काळी पडलेली. केबल टाय तोंडापासून दोन बोटांवर आवळलेला होता, सगळं वाकणं तेवढ्याच जागेत.

स्टुटगार्टकर

नवी केबल साधी घेऊ नका. टॉर्शनला (पिळाला) रेट केलेली घ्या, मीटरला ±१८० अंशांची सहज मिळते. हलत्या जागी वाकण्याची त्रिज्या बाहेरच्या व्यासाच्या किमान १० पट: ११ मिलिमीटर जाडीच्या केबलला ११० मिलिमीटर. शाफ्टच्या दोन्ही बाजूंना रबरी क्लॅम्पने धरा, पण दोन क्लॅम्पमध्ये पीळ वाटला जाईल एवढी लांबी मोकळी सोडा. प्लास्टिक टाय नकोत. दोन-तीन कोअर जास्तीचे घ्या आणि सप्लायच्या प्रत्येक तारेला दोन कोअर जोडा.

गोकुळ_शिरगाव

टोकांना फेरूल (तारेच्या टोकावर दाबून बसवायची धातूची नळी), योग्य मापाच्या क्रिम्परने. सोल्डर भरून स्क्रूखाली आवळू नका, सोल्डर दाबाखाली हळूहळू सरकतो आणि जोड सैल पडतो. एम१२ कनेक्टर ०.६ न्यूटन-मीटरला आवळा, पकडीने नाही.

भोसरी_१८

एक तोडगा सुचवतो. ३०-४० मिलिसेकंदांचा फिल्टर ठेवा, पण फिल्टरने गिळलेला प्रत्येक झटका काउंटरमध्ये मोजा आणि आकडा मेंटेनन्सच्या स्क्रीनवर दाखवा.

पॅनलवाली

हे पटलं. काउंटर असेल तर फिल्टरला माझा विरोध नाही. फक्त सेफ्टीच्या सिग्नलला हात लावू नका. काउंटरला मर्यादा घाला: एका शिफ्टमध्ये पाचच्या वर गेला की मेंटेनन्सला सूचना, लाइन चालू. ट्रॅपही काढू नका, मेमरी नगण्य लागते.

हवावाले_नाना

आणि ३ व ५ चे काढलेले प्रॉक्सी फेकून दिले नसतील तर बेंचवर २४ व्होल्ट आणि १० किलोओहमचा लोड लावून तपासा. बहुधा दोन्ही चांगले निघतील. गॅप मोजून, लेबल लावून स्पेअरमध्ये ठेवा.

लोडिंग_स्टेशन

नाना, दोन्ही चांगले निघाले. टॉर्शन केबलची मागणी टाकलीय. ती येईपर्यंत बॉक्सला सप्लायची वेगळी दोन कोअरची लवचीक केबल शाफ्टमधून ओढली आणि टाय काढून टाकला. १ अँपिअरच्या चाचणीत पूर्ण फेरीत व्होल्टेज हललं नाही. हाच टाय शेजारच्या दोन सेलमध्येही तसाच आवळलेला आहे. तिथली चाचणी रविवारी, लाइन बंद असताना.